बटण दाबल्यानंतर : प्रस्तावना

‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ एवढ्याच तक्रारीने बहुतेक दुरुस्त्यांची सुरुवात होते. या एका वाक्यात एकमेकांशी काहीही संबंध नसलेले अनेक बिघाड मावतात. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये वीज नसते. यूपीएसची बॅटरी संपलेली असते. रॅमची पट्टी खाचेत सैल झालेली असते. मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल उतरलेला असतो. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असते. किंवा अपडेट चालू असताना वीज गेल्यामुळे विंडोजच्या फायली अर्धवट राहिलेल्या असतात. सॉकेटच्या बिघाडाला अनेकदा काहीच खर्च येत नाही. सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो. हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र पैशांचा हिशेब अपुरा पडतो, कारण तिच्यात मुलांचे लहानपणीचे फोटो असतात, धंद्याचे जुने हिशेब असतात, कुणाचे तरी अर्धे लिहून झालेले पुस्तक असते. घरच्यांना मात्र या सगळ्या बिघाडांत एकच गोष्ट दिसते: बटण दाबले आणि काम सुरू झाले नाही.

पॉवर बटणापासून विंडोजच्या पडद्यापर्यंतची वाट टप्प्याटप्प्याने कशी तपासावी, हे या पुस्तकात सांगितले आहे. त्यामागचे म्हणणे एकच आहे. संगणक सुरू होणे ही ठरलेल्या क्रमाने घडणाऱ्या घटनांची साखळी आहे. ती कोणत्या कडीशी तुटली हे कळल्याशिवाय एकही भाग बदलू नये आणि एकही फाइल पुसू नये. ती कडी शोधायला इंजिनिअर असावे लागत नाही. डोळे, कान, धीर आणि योग्य क्रम एवढ्यावर बरेचसे काम होते.

लॅपटॉप आणि मोबाइल घरोघरी पोहोचले, तरी डेस्कटॉप संपलेला नाही. घरून डीटीपीची कामे घेणारे, टॅलीवर दुकानाचे हिशेब ठेवणारे, एमएस-सीआयटीनंतर सरावासाठी जुना संच विकत घेणारे विद्यार्थी, निवृत्तीनंतर गावाचा इतिहास टाइप करायला बसलेले शिक्षक, या सगळ्यांचे काम अजून टेबलावरच्या संचावरच चालते. हा संच दुरुस्तीला सोपा असण्यामागे एक ठोस कारण आहे. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचे मानक आणले आणि मदरबोर्डचा आकार, स्क्रूंच्या जागा, एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची, मापे व जोडण्या ठरून गेल्या. म्हणून एका कंपनीच्या कॅबिनेटमध्ये दुसऱ्या कंपनीचा बोर्ड बसतो आणि तिसऱ्या कंपनीचा एसएमपीएस त्याला वीज देतो. काही मोठ्या कंपन्यांचे तयार संच याला अपवाद आहेत. त्यांचे एसएमपीएस आणि जोडण्या त्यांच्याच मापाच्या असतात. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या तालुक्याच्या गावी जुळवून घेतलेला संच सहसा या मानकातच बसतो. ज्या यंत्राचा प्रत्येक भाग सुटा करता येतो, त्यात दोष कुठे आहे हेही सुटे करून पाहता येते.

आता बटण दाबल्यावर काय घडते ते पाहू. पुढची सगळी प्रकरणे या काही सेकंदांच्या समजुतीवर उभी आहेत.

एसएमपीएसला भिंतीवरून 230 व्होल्टची उलटसुलट वीज मिळते. तो आधी तिची सुमारे 325 व्होल्टची सरळ वीज करतो आणि मग तिच्यापासून 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे पुरवठे तयार करतो. यांतला 5 व्होल्टचा एक छोटा पुरवठा, म्हणजे जांभळ्या तारेवरचा ‘स्टँडबाय’, संगणक बंद असतानाही चालू असतो. बोर्डवर एखादा बारीक दिवा सतत जळताना दिसतो तो याच विजेवर. पॉवर बटण स्वतः वीज चालू-बंद करत नाही. ते बोर्डवरच्या दोन पिना क्षणभर जोडते. ती खूण मिळाली की बोर्ड एसएमपीएसकडे जाणारी हिरवी तार जमिनीच्या पातळीवर ओढतो आणि मुख्य पुरवठे सुरू होतात. विजेची पातळी स्थिर झाली की एसएमपीएस राखाडी तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असा संकेत देतो. मानकानुसार या संकेतासाठी 100 ते 500 मिलिसेकंद धरलेले आहेत. हा संकेत येईपर्यंत प्रोसेसर थांबवून ठेवलेला असतो.

संकेत आला की प्रोसेसर मदरबोर्डवरच्या चिपमधली पहिली आज्ञा वाचतो. या चिपमधल्या प्रोग्रामला जुन्या संचात बायोस म्हणतात आणि नव्या संचात यूईएफआय. या क्षणी रॅमसुद्धा वापरात आलेली नसते. हा प्रोग्राम आधी रॅम ओळखून तयार करतो, मग ग्राफिक्स जागे करतो, मग कीबोर्ड आणि डिस्क शोधतो. या स्वयंतपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात, आणि 1981 च्या आयबीएम पीसीपासून ती चालत आली आहे. पडदा उजळण्याआधीच काही बिघडले, तर पडद्यावर संदेश देता येत नाही. म्हणून त्या पीसीत बीपचे संकेत ठेवले होते, आणि सगळे ठीक असेल तर एकच छोटा बीप येई. आजच्या बऱ्याच बोर्डांवर स्पीकर नसतो. त्याऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. जो दिवा जळत राहिला, तिथे काम अडलेले असते. तपासणी पार पडली की ताबा डिस्कवरच्या बूट लोडरकडे जातो आणि मग विंडोज किंवा लिनक्स सुरू होते.

हा क्रम लक्षात घेतला की तक्रारीचे तीन गट आपोआप पडतात. पहिल्या गटात कसलीच हालचाल नसते. दुसऱ्यात पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. तिसऱ्यात डिस्प्ले येतो, कंपनीचे चिन्ह दिसते, पण विंडोज येत नाही. पुस्तकाचे तीन भाग याच तीन गटांचे आहेत. आपली तक्रार कोणत्या गटातली आहे हे ठरले की दोन तृतीयांश शंका तिथल्या तिथे बाजूला पडतात.

पहिल्या गटात तपासणी भिंतीपासून सुरू करायची, कॅबिनेट उघडून नव्हे. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून पाहावा. स्पाइक गार्ड आणि यूपीएस बाजूला ठेवून संगणक थेट सॉकेटला जोडून पाहावा, कारण घरगुती यूपीएसमधली बॅटरी काही वर्षांत संपते आणि ती संपली की वीज असूनही काही यूपीएस पुढे पुरवठा देत नाहीत. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसला स्वतःचे बटण असते. केर काढताना ते दाबले जाते आणि घरातल्या कुणालाही त्याची आठवण राहत नाही. पॉवर केबल दुसरी लावून पाहावी. एवढे झाल्यावरच कॅबिनेट उघडायचे. बोर्डवरचा दिवा जळत असेल तर स्टँडबायची वीज येते आहे, आणि मग पॉवर बटण व त्याची तार यांच्याकडे पाहावे. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, तर एसएमपीएसने कुठेतरी शॉर्ट ओळखून स्वतःला बंद केले असण्याची शक्यता मोठी. वाकलेल्या पिनांचा यूएसबी पोर्ट किंवा बोर्डखाली अडकलेला स्क्रूसुद्धा याला पुरतो.

एक लक्षण मी वाचकांना खास ओळखायला सांगेन. संच चार-पाचदा बटण दाबल्यावर सुरू होतो, सुरू झाला की दिवसभर नीट चालतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. याच्या मुळाशी बऱ्याचदा म्हाताऱ्या झालेल्या कपॅसिटरांचा दोष असतो. आतला द्रव सुकत जातो, थंड असताना ते पुरेसे काम देत नाहीत, गरम झाल्यावर देतात. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत सदोष कपॅसिटर असलेले बोर्ड जगभर विकले गेले आणि फुगलेल्या, गळणाऱ्या टोप्यांचे कपॅसिटर ही त्या पिढीची ओळखच झाली. असे लक्षण दिसू लागले की संच अजून सुरू होतो आहे तोवर फायलींची नक्कल काढून घ्यावी.

दुसरा गट सर्वांत गोंधळात टाकणारा आहे. पंखे फिरत असल्यामुळे माणसाला वाटते की वीज ठीक आहे, मग मॉनिटरच गेला असेल. मॉनिटर तपासावाच, पण त्याआधी त्याची केबल कुठे लावली आहे ते पाहावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लागते. ती बोर्डाच्या पोर्टला लावली तर पडदा काळा राहू शकतो. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी वीजजोडणी सुटली असेल तरी पंखे फिरतात आणि प्रोसेसर मात्र निपचित राहतो. यानंतर रॅम. पट्टी काढून, सोनेरी संपर्कांवरून स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवून, कण झटकून, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागेपर्यंत पुन्हा बसवायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहायची. दुरुस्तीच्या दुकानांत हा उपाय सर्रास चालतो, कारण दमट हवेत संपर्कांवर बसणारा थर त्याने खरोखरच निघतो. नव्या डीडीआर5 रॅमच्या संचांबद्दल एक इशारा: रॅम पहिल्यांदा बसवल्यावर किंवा बदलल्यावर बोर्ड तिची जुळणी करत असतो आणि काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. त्या वेळी घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबू नये.

एवढ्याने भागले नाही तर ‘कमीत कमी संच’ ही पद्धत वापरायची. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस एवढेच ठेवायचे. प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसेल तर कार्डही राहू द्यायचे. बाकी सगळे काढायचे. इथे डिस्प्ले आला तर दोष काढलेल्या वस्तूंत आहे, आणि एकेक वस्तू परत जोडत गेले की तो सापडतो. प्रत्येक वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि संच सुरू झाला, तर नेमके कशाने झाला हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तिसऱ्या गटात यंत्र जिवंत असते आणि म्हणूनच इथे नुकसान सर्वांत जास्त होते. ‘विंडोज उडाली, फॉरमॅट मारू’ हा सल्ला फार सहज दिला जातो. त्याआधी बोर्डवरच्या सीआर2032 सेलचा विचार करावा. हा 3 व्होल्टचा सेल बायोसचे घड्याळ चालवतो, आणि बऱ्याच बोर्डांत बायोसच्या सेटिंगही त्याच्याच जोरावर टिकतात. तो उतरला की तारीख मागे जाते, डिस्क कोणत्या पद्धतीने चालवायची याची नोंद पुसून मूळ सेटिंग येते, आणि पूर्णपणे ठणठणीत डिस्कवरचे विंडोज निळा पडदा दाखवून थांबते किंवा ‘बूट डिव्हाइस नाही’ असा संदेश येतो. अशा संचांवर घाईने फॉरमॅट मारून सगळे काम घालवल्याचे मी पाहिले आहे. सेल बदलून दोन सेटिंग पूर्ववत केल्या असत्या तर काहीही गेले नसते. हे पुस्तक लिहिण्याची निकड मला सर्वांत जास्त या नुकसानीमुळे वाटली.

हाच धोका सध्या आणखी एका वाटेने येतो आहे. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 साठी यूईएफआय आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून अनेक जण बायोसमध्ये जाऊन ‘लेगसी’ बदलून ‘यूईएफआय’ करतात. डिस्कची जुनी मांडणी आधी बदलून घेतली नसेल तर संच तिथेच अडतो. सेटिंग परत पूर्वीसारखी केली की तो बहुधा सुरू होतो. ज्या संचांवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे, तिथे बायोसमधल्या बदलानंतर 48 आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी, कारण ती नसेल तर माहिती परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

डिस्क ‘टक टक’ असा ठरावीक आवाज करत असेल तर नियम याहून कडक आहे. संगणक ताबडतोब बंद करावा आणि पुन्हा सुरू करून पाहू नये. आतली फिरती तबकडी आणि तिच्यावरून सरकणारे हेड यांच्यात बिघाड झाल्याची ती खूण असते, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नात तबकडीवर आणखी ओरखडे पडू शकतात. अशा डिस्कवर कुठलेही दुरुस्तीचे सॉफ्टवेअर चालवू नये. त्यातली माहिती मोलाची असेल तर ती माहिती परत मिळवण्याचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावी.

आपल्या हवामानाला आणि विजेला या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवेत इतका ओलावा असतो की कित्येक आठवडे बंद राहिलेला संच गणपतीनंतर सुरू होत नाही. आठवड्यातून एक-दोनदा तो तासभर चालवला तर आतल्या उबेने ओल धरत नाही. विदर्भात आणि मराठवाड्यात उन्हाळ्यातली धूळ हीटसिंकच्या पत्र्यांत नमद्यासारखी बसते आणि प्रोसेसर तापून संच बंद पडतो. थंडीच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करायचा. एसएमपीएसच्या जाळीतून पाल आत शिरली की शॉर्ट होतो. मुंग्यांनाही ती ऊबदार जागा आवडते.

अर्थिंगबद्दल सर्व महाराष्ट्रभर एकच बेफिकिरी दिसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेक वेळा सॉकेटला अर्थिंग नसते, किंवा तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन निकामी केलेली असते. एसएमपीएसच्या आतले गाळणीचे कपॅसिटर थोडी वीज कॅबिनेटच्या पत्र्याकडे नेतात, आणि ती जमिनीत जायची वाटच बंद असते. हा दोष संगणकाचा नाही, घराच्या वायरिंगचा आहे, आणि त्यासाठी वायरमनलाच बोलावले पाहिजे.

वाचकाने स्वतः काय करू नये, हेही इथे ठळकपणे सांगितले पाहिजे. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. कॅबिनेट उघडण्याआधी प्लग काढावा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे. जळका वास आला, ठिणगी दिसली किंवा एमसीबी पडला, तर पुन्हा प्रयत्न करू नये. मल्टिमीटर वापरता येणाऱ्यांनी बाहेर आलेल्या जोडण्यांवरच मोजमाप करावे. 12 व्होल्टच्या तारेवर 11.4 ते 12.6 आणि 5 व्होल्टच्या तारेवर 4.75 ते 5.25 यांच्या दरम्यान आकडा आला तर पुरवठा मर्यादेत आहे.

या पुस्तकामुळे दुरुस्ती करणाऱ्या कारागिराची गरज संपेल, असे मी म्हणणार नाही. बोर्डवरची चिप बदलणे, तुटलेला ट्रॅक जोडणे ही कामे त्याच्याच हातची आहेत, आणि ती शिकायला त्याने वर्षे घातलेली असतात. पण त्याच्याकडे जाताना ‘बंद आहे’ एवढेच सांगणारे गिऱ्हाईक आणि ‘पंखे फिरतात, डिस्प्ले नाही, रॅम एकेक लावून पाहिली, डीरॅमचा दिवा जळत राहतो’ असे सांगणारे गिऱ्हाईक यांच्यात मोठा फरक आहे. दुसऱ्याचा वेळ वाचतो, कारागिराचाही वाचतो, आणि चांगला बोर्ड बदलला जाण्याची शक्यता कमी होते. ज्या भागात खरोखर दम उरलेला नाही तो भंगारात टाकण्याऐवजी ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा; बोर्डांच्या जोडकामात शिसे असू शकते आणि ते मातीत जाता कामा नये.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तपासणीचा तक्ता आहे. तो वरून खाली, एकही पायरी न गाळता वापरावा. बीपच्या खुणा कंपनीगणिक बदलतात, म्हणून आपल्या बोर्डाचे नाव आणि मॉडेल पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावे आणि त्याची माहितीपुस्तिका मोबाइलमध्ये उतरवून घ्यावी. संच बंद पडल्यावर ती शोधणे अवघड जाते.

वाचकांना एक आग्रहाची विनंती आहे. हे पुस्तक संगणक बिघडण्याची वाट पाहत कपाटात ठेवू नका. संच नीट चालतो आहे तेव्हाच पहिले प्रकरण वाचा, कॅबिनेट एकदा उघडून प्रत्येक भाग ओळखून घ्या, बायोसच्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा. आणि हे सगळे करण्याच्या आधी, शक्य तर आजच, तुमच्या फायलींची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवा. बिघडलेला कोणताही भाग बाजारात पुन्हा मिळतो. तुम्ही लिहिलेले आणि जपलेले मात्र कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.